मोटार भरून झाली, व्होल्टेजचं काय?

मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा यांस,



चिखलीत माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती पोत्यात बांधून आणतो. मी जळकी तार कापून काढतो, खाचा साफ करतो, नवी तांब्याची तार भरतो, वार्निश देतो, वाळवतो आणि चालवून दाखवून त्याच्या हातात देतो. तीस वर्षं हेच काम. काही वर्षांपूर्वी एका रब्बीत एकच पाच एचपीची मोटार माझ्याकडे तीनदा आली. तिसऱ्या खेपेला मालक दुकानातच बसून राहिला. "भाऊ, तार हलकी वापरता का तुम्ही?" मला राग आला. त्याच्याच गाडीवर बसून त्याच्या शेतात गेलो. डीपीवर झेपतील त्याच्या दुप्पट कनेक्शनं, रात्रीच्या पाळीत एक फेज गुल, आणि स्टार्टर काढून थेट जोडलेली वायर. तिथं कोणाचीही मोटार पंधरा दिवसांच्या वर टिकली नसती. मी ती नीटच भरली होती. ती ज्या विहिरीवर परत जात होती तिथलं व्होल्टेज तेच होतं.

मीही असाच तीनदा भरून आलो आणि तीनदा जळालो, म्हणून हे पत्र. 2014च्या दिवाळीनंतर मी दारू प्यालेलो नाही. नाव देत नाही. दारू सोडलेल्या आमच्या मंडळींत तशी रीत आहे, शिवाय माझ्या मुलीचं लग्न व्हायचं आहे.

पहिल्यांदा मला आईनं सैलानीला नेलं. पिंपळगाव सराईजवळचा दर्गा आपल्याला ठाऊकच आहे. मन बिघडलेलं माणूस घेऊन हिंदू-मुसलमान सगळेच तिथं येतात. आईच्या मते मला बाहेरचं लागलं होतं. पाच गुरुवार केले, आणि खरं सांगतो, ते पाच आठवडे मी प्यालो नाही. पुढं आई आजारी पडली, सोबत येणारं कोणी उरलं नाही, आणि सहाव्या आठवड्यात मी होतो तिथंच होतो. तेव्हा मी दर्ग्याला दोष दिला. आज वाटतं, गुण आला तो पाच आठवडे कोणीतरी दिवसभर माझ्या बाजूला बसून होतं म्हणूनही असेल.

दुसऱ्यांदा घरच्यांनी जिल्ह्याबाहेरच्या एका खासगी केंद्रात टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. रात्री जीपमध्ये घालून नेलं, डोकं भादरलं, आणि पहिल्या रात्री अंगाला थरथर सुटली तेव्हा पट्ट्यानं मारलं. दारूची सवय लागलेल्या शरीराची दारू एकदम तुटली की एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. त्याला औषध लागतं, डॉक्टर लागतो. हे मला पुष्कळ नंतर कळलं. मी वाचलो हे नशीब. दोन महिन्यांनी कुलूप उघडलं आणि मी घरी पोचायच्या आधीच, वाटेतल्या स्टँडवर प्यालो. त्या केंद्राचं नाव लिहीत नाही.

तिसरं ठिकाण चांगलं होतं. डॉक्टर होते, गोळ्या होत्या, रोज सकाळी गटात बसून बोलायचं होतं. दारूबद्दल खरं बोलणारी माणसं मला तिथं पहिल्यांदा भेटली. महिनाभरानं वजन वाढवून, एक डायरी आणि फॉलो-अपच्या तारखा घेऊन चिखलीच्या स्टँडवर उतरलो. एकोणीस दिवस टिकलो.

त्या एकोणीस दिवसांत काहीही विशेष घडलं नाही. भांडण नाही, मयत नाही. संध्याकाळी सात ते नऊ काय करायचं हे माझ्याजवळ नव्हतं, एवढंच. बारा वर्षं ते दोन तास दारूनं भरले होते. दुकानासमोरून तीच माणसं जायची. एक गिऱ्हाईक मजुरीऐवजी क्वार्टर द्यायचं, ते सवयीनं घेऊन आलं. सोयाबीन निघालं होतं, बाजार समितीत पैसा वाहत होता, ज्याचं-त्याचं तोंड सुटलेलं. आणि घरी बायको. तिचा काय दोष? घाटाखाली भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी पीकपाण्याचं भाकीत सांगतात. आमच्या घरी ती रोज संध्याकाळी व्हायची. फाटकाच्या कडीचा आवाज ऐकून ही सांगायची, आज किती झाली. बारा वर्षांत चुकली नाही. त्या एकोणीस दिवसांत कडी नीट वाजत होती, तरी ती दारात उभी राहून वास घ्यायची. विसाव्या दिवशी तिनं वास घेतला आणि नुसती आत गेली. मग रात्री म्हणाली, "तिथं चांगले राहता, घरी आले का बिघडता. मग काय घरच बिघडलं म्हणायचं?"

साहेब, हा प्रश्न ज्याला समजला त्याला व्यसनमुक्ती समजली असं मी मानतो. दारू सुटायला दहा-पंधरा दिवस लागतात. सुटलेली दारू सुटलेलीच ठेवायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि तो काळ माणूस कुठं राहतो, संध्याकाळी कोणाजवळ बसतो, गोळी आणायला किती लांब जातो, यावर सगळं ठरतं. सरकारचा, घरच्यांचा, सगळ्यांचा जोर पहिल्या पंधरा दिवसांवर. पुढचं देवावर.

2019 साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या एम्सकडून केलेलं देशभराचं सर्वेक्षण जाहीर झालं. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 5 कोटी 70 लाख. ज्यांना दारूचं पक्कं व्यसन आहे त्यांच्यात 38 जणांमागे एकाला कुठला तरी उपचार मिळतो, आणि दवाखान्यात भरती होऊन उपचार 180 जणांमागे एकाला. हा 38चा आकडा मी आमच्या बैठकीत सांगितला तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे एसटीच्या एका गाडीत फक्त कंडक्टरला." हसलो सगळे. पण गाडी डोळ्यांपुढून जात नाही. उरलेल्या सदतीस जणांसाठी आपण दर 26 जूनला शाळेच्या पोरांच्या हातात फलक देऊन रॅली काढतो. पोरं उन्हात ओरडतात, त्यांचे बाप ओट्यावरून बघतात. रॅली काढू नका असं म्हणत नाही. पण ओट्यावरच्या बापानं रॅली बघून ठरवलंच की आता बस, तर त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं कुठल्या दारात जायचं?

कायदा हे दार दाखवतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017चा, 29 मे 2018 पासून लागू. दारू आणि अमली पदार्थांमुळं मनावर होणारे आजार त्यात मानसिक आजारातच मोजले आहेत. कलम 18 प्रत्येकाला उपचाराचा हक्क देतं. त्या हक्कात नुसती ओपीडी आणि भरती येत नाही. दवाखाना आणि घर यांच्या मधली निवासाची सोय, आधार असलेली राहण्याची जागा, असं त्यात लिहिलेलं आहे. आजारी माणसाला लांबचा प्रवास करावा लागू नये असंही लिहिलं आहे. मी मोटारी भरणारा माणूस, कायदा मला काय कळतो. पण हे कलम दहा वेळा वाचलं, कारण त्यात वर्णन केलेल्या घरात मी अनेक महिने राहिलो आहे. फक्त ते सरकारचं नव्हतं.

चौथ्यांदा मी कुठं भरती झालो नाही. एका सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत गेलो. डॉक्टरांनी हात पुढं करायला सांगितले, थरथर बघितली, पूर्वी फिट आली होती का विचारलं, आठवड्याच्या गोळ्या दिल्या, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लिहिली, बायकोला बाजूला घेऊन कोणत्या लक्षणांवर रात्री-बेरात्री घेऊन यायचं ते सांगितलं. मग म्हणाले, काही दिवस घरी नका राहू, दुसरीकडे सोय आहे का? तिथंच रांगेत एसटीचा एक मेकॅनिक बसला होता, तीन वर्षं न प्यालेला. तो म्हणाला, माझ्याकडे चला.

त्याचं घर म्हणजे एका बंद पडलेल्या तेलघाण्याच्या मागच्या दोन खोल्या. भाडं 2,400 रुपये. आम्ही चौघं, म्हणजे माणशी 600. मेकॅनिक, बाजार समितीतला एक हमाल, जिल्हा परिषदेचा एक शिक्षक आणि मी. माझं स्वतःचं घर तिथून दीड किलोमीटरवर होतं. सकाळी मी घरी जाऊन चहा प्यायचो, दुकान उघडायचो, रात्री खोलीवर यायचो. लोक म्हणायचे, बायकोनं हाकललं. बायको म्हणायची, म्हणू द्या.

नियम जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले होते. पाच तारखेच्या आत भाडं. स्वयंपाक पाळीनं. संध्याकाळी साडेसातला सगळ्यांनी बसायचं आणि दिवसभरात कधी प्यावंसं वाटलं ते सांगायचं. जो पिईल त्यानं त्याच रात्री बाहेर पडायचं. जात विचारायची नाही हा नियम कोणी लिहिला नव्हता, पण पहिल्या दिवशी हमालानं भाकरी थापली आणि ती गुरुजींनी मोडली, तेव्हा तो आपोआप झाला. भाकऱ्या फार वाईट होत्या. त्यावरून मात्र रोज भांडण व्हायचं.

हमालाचा धोका वेगळा होता. त्याला रोजच्या रोज रोख मजुरी. संध्याकाळी पाचला हातात पैसे, आणि फाटकाबाहेर दुकान. त्यानंच सांगितलं की पाच ते सव्वापाच मला धरा, पुढचं मी बघतो. मग आम्ही पाळी लावली. रोज पाचला आमच्यातला एक जण बाजार समितीच्या फाटकावर जाऊन उभा राहायचा, त्याला घेऊन यायचा. उपदेश नाही, काही नाही. रस्त्यानं सोयाबीनच्या भावावर बोलायचं. साहेब, पंधरा मिनिटांची ही सोबत कुठल्याही दवाखान्याला देता येत नाही, आणि तिला खर्च शून्य.

2015च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गुरुजी पिऊन आले. आपल्याकडं कर म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेर पाऊस होता. गुरुजी दारात उभे राहून म्हणाले, एकच घेतली. मेकॅनिकनं त्यांची पिशवी भरली आणि ओट्यावर ठेवली. हमाल रडायला लागला, म्हणाला आजची रात्र राहू द्या. राहू दिलं नाही. तीन रात्री ते स्टँडच्या बाकावर झोपले. मेकॅनिक रोज रात्री डबा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसायचा, पण आत आणायचा नाही. चौथ्या दिवशी त्यांना ओपीडीत नेलं. पंधरा दिवसांनी परत घ्यायचं का, यावर मतं घेतली. दोन विरुद्ध एक, घ्यायचं ठरलं. विरोधातलं मत माझं होतं. त्याची मला अजून लाज वाटते, आणि नियम बरोबर होता असंही अजून वाटतं. दोन्हींचा मेळ बसत नाही. गुरुजी मागच्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले.

आपण हे काही नवीन शोधलं असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग पोरानं मोबाइलवर शोधून दाखवलं. 1975 साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी, दारू सुटलेल्यांसाठीचं एक सरकारी निवासघर पैशांअभावी बंद होणार होतं. आत राहणाऱ्यांनी, त्यांत पॉल मोलॉय नावाचा एक वकील होता, ते घर स्वतःच भाड्यानं घेतलं. नाव ठेवलं ऑक्सफर्ड हाउस. कारभार मतदानानं, खर्च वाटून, आणि जो पिईल तो बाहेर. आमच्या कॅलेंडरच्या पाठीवरचंच सगळं! व्यवस्थापक नाही, पगारी नोकर नाही, किती दिवस राहायचं याला मर्यादा नाही. आज अशी तीन हजारांहून जास्त घरं आहेत. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातले लिओनार्ड जेसन यांनी उपचार संपवून बाहेर पडलेल्या 150 जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. अर्धे अशा घरांत पाठवले, अर्धे नेहमीप्रमाणे सोडले. दोन वर्षांनी बघितलं तर घरात राहिलेल्यांपैकी सुमारे 31 टक्के पुन्हा नशा करत होते, नेहमीप्रमाणे सोडलेल्यांत सुमारे 65 टक्के. 2006 साली हे छापून आलं.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पैशांची गोष्ट. 1988च्या कायद्यानं तिथल्या प्रत्येक राज्याला एक लाख डॉलरचा फिरता निधी काढायला लावला. दारू किंवा ड्रग सुटलेल्या किमान सहा जणांनी एकत्र येऊन घर घ्यायचं म्हटलं की त्यातून चार हजार डॉलरपर्यंत कर्ज. अनामत भरा, खाटा घ्या, दोन वर्षांत हप्त्यानं फेडा, तोच पैसा पुढच्या सहा जणांना. हे वाचून मी बायकोला हाक मारली. तिचा बचत गट आहे. ती म्हणाली, "यात अमेरिकेचं काय आहे? हे तर आमचंच आहे." फिरता निधी, अंतर्गत कर्ज, आठवड्याची बैठक, हजेरीचं रजिस्टर, बुडवणाऱ्याला गटाचा धाक. उमेद अभियानानं आपल्या जिल्ह्यातल्या हजारो बायांना जे शिकवलं, तेच सहा दारू सोडलेल्या गड्यांना द्यायचं आहे. मी हिशेब केला. घाटावर एक घर, घाटाखाली एक घर. प्रत्येकी सात माणसं. अनामत, खाटा, भांडी, गॅस धरून एका घराला साठ हजारांत सुरुवात होते, आणि भाडं राहणारे देतील. फुकट नको. फुकटच्या घरात कोणी कोणाला बाहेर काढू शकत नाही. जिल्हा नियोजन समितीत नावीन्यपूर्ण योजनांचं लेखाशीर्ष असतं, त्यात एक लाख वीस हजार शोधायला भिंग लागू नये.

आता ओपीडीचं. बहुतेक पिणाऱ्यांना भरती करावं लागत नाही. ज्याला पूर्वी फिट आली, भ्रम झाला, कावीळ झाली, पोट फुगलं, एकटा राहतो, त्याला भरती केलंच पाहिजे. बाकीच्यांना आठवड्याला एकदा बघणारा डॉक्टर, घरी गोळ्या देणारं माणूस आणि बोलायला कोणीतरी, एवढ्यावर सुटते. प्यायची ओढ कमी करणारी औषधं निघाली आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तालुक्याच्या दवाखान्यात ती मिळायला हवीत. नाही मिळाली तर काय होतं ते मी बघतो. बाया 'न कळत दारू सोडवा' म्हणणाऱ्यांची पुडी आणतात आणि वरणात कालवतात. पुडीत काय आहे कोण जाणे. दारूशी वाकडं येणारी डायसल्फिरामची गोळी असेल आणि नवऱ्याला ते ठाऊक नसेल, तर वरून घेतलेल्या एका क्वार्टरनं त्याचा रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. तीच गोळी सांगून, विचारून, डॉक्टरच्या नजरेखाली दिली तर कामाची आहे. माझी घडी तिनंच बसवली. रोज सकाळी बायकोसमोर गिळायचो, आणि दिवसभर निर्णय घ्यायचा प्रश्नच उरायचा नाही.

आपला जिल्हा नकाशावर एक दिसतो, पण तो दोन आहे: घाटावरचा आणि घाटाखालचा. संग्रामपूरच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या मजुरानं मनोविकाराच्या डॉक्टरसाठी बुलढाण्याला यायचं म्हणजे दोन गाड्या बदलून घाट चढायचा. मजुरी बुडते, तिकीट पूर्ण. बायकोला एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून पुष्कळदा तीच गोळ्या न्यायला येते आणि डॉक्टर म्हणतात, पेशंट कुठंय? एकदा येतो, दुसऱ्यांदा येत नाही, आणि कागदावर लिहिलं जातं: रुग्णाचा प्रतिसाद नाही. साहेब, मग प्रतिसाद कुठल्या गाडीनं द्यायचा?

गडचिरोली आपल्याहून कितीतरी अवघड मुलूख. तिथं डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं 2016पासून मुक्तिपथ चालू आहे. तालुक्याच्या गावी आठवड्याच्या ठरल्या वारी व्यसन उपचार क्लिनिक भरतं, आणि मागणी आली तर गावातही एका दिवसाचं शिबिर लागतं. आपल्याकडे तेरा तालुके आहेत. प्रत्येकाच्या बाजाराच्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात एक खोली उघडा. बाजाराचाच दिवस का? त्या दिवशी माणूस तसाही तालुक्याला येतो, खिशात पैसे असतात, आणि सगळ्यात जास्त पितो तोही त्याच दिवशी. डॉक्टर प्रत्येक ठिकाणी मिळणार नाही हे मला कळतं. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली त्यांत बुलढाण्याचंही आहे, आणि महाविद्यालय म्हटलं की मनोविकार विभाग आलाच. तिथला डॉक्टर पडद्यावरून बोलेल. टेलिमानसचा 14416 हा नंबर आहेच. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आला, त्यांत आपण होतो. आत्महत्या केलेल्याच्या घरी गेलात तर दारूची गोष्ट दहा मिनिटांत निघते, ही माझी आकडेवारी नव्हे, बसून ऐकलेली गोष्ट आहे. तेव्हा दोन प्रकल्पांचं टेबल एकच ठेवलं तरी चालेल. मात्र खोलीत समुपदेशक म्हणून एक माणूस स्वतः दारू सोडलेला पाहिजे. आमच्यातला. पदवी नसली तरी त्याला थरथर ओळखता येते, आणि खोटं तर लगेच.

दोन आक्षेप येतील. पहिला, दारूची दुकानंच बंद करा. माझा विरोध नाही. गावातल्या बायांनी आडव्या बाटलीला मतदान करून दुकान उठवलं की मी पेढा खातो. पण दुकान बंद झाल्यानं ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याचे थांबत नाहीत. तो हातभट्टीकडं जातो. दुसरा आक्षेप चहाच्या टपरीवरचा: पिणाऱ्यांवर सरकारनं पैसा कशाला घालायचा? जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं शुल्क वाढवलं तेव्हा त्यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जादा येतील असं सांगितलं गेलं. हा पैसा घातला कोणी? बारा वर्षांत माझ्या नावचा हिस्सा मीही इमानदारीनं भरला आहे. त्यातले दोन खाटांचे परत मागतो.

बायाही पितात. त्या सर्वेक्षणात शंभरात दीड-दोन आहेत. त्यांना अशा घरात कुठं ठेवायचं, यावर मला बोलता येत नाही. ते त्यांच्यातल्याच कोणी सांगितलं पाहिजे. पण पिणाऱ्यांच्या बायकांसाठी वेगळी बैठक मात्र पहिल्या दिवसापासून हवी. माझी बायको अजून कडीचा आवाज ऐकते.

पैशाहून अवघड गोष्ट जागेची आहे. तेलघाण्याचा तो प्लॉट मालकानं विकला, तिथं आता मंगल कार्यालय आहे. मागच्या दोन वर्षांत मी आणि मेकॅनिकनं पाच घरमालकांना विचारलं. भाडं आगाऊ देतो म्हटलं, अनामत दुप्पट देतो म्हटलं. एकानं चहा पाजून सांगितलं, "तुम्ही देवमाणूस आहात हो, पण उद्या लोक बेवड्यांचं घर म्हणतील." पुण्याचं मुक्तांगण 29 ऑगस्ट 1986ला सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पैसे दिले, डॉ. अनिता अवचट यांनी जीव ओतला, पण पाय ठेवायला जागा सरकारी आवारानं दिली. आपल्या अखत्यारीत ओस पडलेले क्वार्टर आहेत. पाटबंधाऱ्याचे, बांधकामाचे. दारं-खिडक्या गेलेल्या, आत शेळ्या बसतात. तिथं संध्याकाळी बाटल्याही असतात, मी बघितल्या आहेत. एक चिखली-मेहकरकडचा, एक खामगाव-नांदुऱ्याकडचा, भाडेपट्ट्यानं आमच्यासारख्यांच्या गटाला द्या. वायरिंग मी करीन, मजुरी घेणार नाही. आणि आपल्या सहीचं एक पत्र द्या, शेजाऱ्यांना दाखवायला.

हमाल अजून बाजार समितीतच आहे, आता मुकादम झाला. पाच वाजता फाटकावर तोच जाऊन उभा राहतो. सध्या एका सव्वीस वर्षांच्या पोराला आणायला. पोरगा पोकलेन चालवायचा, दोन महिने झाले, कालपर्यंत प्यालेला नाही. त्याला आणून न्यायचं कुठं, तर माझ्या दुकानात. जळक्या मोटारी एका बाजूला सारून मागच्या भिंतीला खाट टाकली आहे. वार्निशच्या वासानं त्याचं डोकं दुखतं म्हणतो. परवा ओपीडीत त्याला आणखी एक जण भेटला, देऊळगाव राजाकडचा. तो म्हणाला, मलाही यायचंय.

दुकानात एकच खाट मावते.

आपला,
एक मोटारी भरणारा, चिखली